पुराण नको, पुरावा हवा : नागपुरातल्या क्विअर बहुजनांचा इतिहास कुणी जपायचा?

तृतीयपंथी किंवा समलिंगी माणसांच्या हक्कांचा विषय निघाला की कुणीतरी लगेच शिखंडीचं नाव घेतो. दुसरा अर्धनारीश्वराचा दाखला देतो, तिसरा वनवासाला निघालेल्या रामाने हिजड्यांना दिलेल्या आशीर्वादाची कथा सांगतो. बोलणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. 'हे पाश्चात्यांचं खूळ नाही, आपल्याकडेही होतं' एवढंच त्यांना सांगायचं असतं. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. त्या निकालातही रामायण-महाभारताचे दाखले आलेच.

पण आम्ही आंबेडकरी आहोत. माणसाचा हक्क पुराणातल्या परवानगीवर का उभा राहावा, हा प्रश्न आम्हाला पडायलाच हवा. ज्या महाभारतातून शिखंडी काढून दाखवतात, त्याच महाभारतात एकलव्याचा अंगठा कापला जातो. ज्या रामाच्या आशीर्वादाची कथा सांगतात, त्याच रामाच्या हातून शंबूकाचं मस्तक उडवलं जातं. तिथून प्रतिष्ठा उसनी आणायची तर तिच्यासोबत चातुर्वर्ण्यही घरात येतं.

आणि या सगळ्या पुराणकथांमध्ये आमच्या वस्तीतली माणसं कुठे आहेत? इंदोरा, गड्डीगोदाम, पाचपावली, इमामवाडा, जाटतरोडी, कामठी इथे राहिलेली, इथेच म्हातारी झालेली, इथेच मेलेली माणसं? घरातून हाकललेली, डेऱ्यात गेलेली, लग्न करून आयुष्यभर गप्प राहिलेली, मैत्रिणीसोबत एका खोलीत तीस वर्षं काढलेली, आणि तरीही दरवर्षी दीक्षाभूमीवर पांढरे कपडे घालून गेलेली माणसं? त्यांचा फोटो कुठे आहे? त्यांचा आवाज कुठे आहे? ती गेल्यावर त्यांची पेटी कुणी उघडली, आणि त्यातलं काय रद्दीत गेलं?

आमचं म्हणणं सरळ आहे. नागपुरातल्या क्विअर माणसांचा इतिहास जपण्याचं काम वस्तीने, वाचनालयाने, विहाराने आणि त्या माणसांनी स्वतः करायचं आहे. आणि ते आत्ताच करायचं आहे.

सरकारच्या कागदात ही माणसं कोण आहेत?

कागद अजिबातच नाहीत असं नाही. सरकारकडे आहेत. पण ते कोणत्या नावाने आहेत ते पाहा.

पहिलं नाव गुन्हेगार. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ हे त्याचं मूळ. नंतर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. पारधी, कंजारभाट यांच्या संदर्भात हा कायदा आपल्याला ठाऊक आहे. ३१ ऑगस्टला आपण विमुक्त दिन पाळतो तो त्यामुळेच. पण याच कायद्याचा दुसरा भाग ब्रिटिशांच्या भाषेत 'युनक' ठरवलेल्या लोकांसाठी होता, हे आपल्या व्याख्यानांत क्वचितच येतं. त्यांची नावं आणि मालमत्ता रजिस्टरमध्ये नोंदवायची, आणि नोंद झालेल्या माणसाने सार्वजनिक ठिकाणी बायकी कपडे घातले तर त्याला तुरुंगात टाकायचं, अशी ती तरतूद होती. म्हणजे भटक्या-विमुक्तांचा आणि तृतीयपंथीयांचा छळ एकाच कायद्याच्या दोन पानांवर लिहिलेला आहे.

दुसरं नाव रोगी. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात ही माणसं 'जोखमीचा गट' म्हणून आली. त्या कार्यक्रमाने जीव वाचवले, अनेकांना पहिल्यांदा एकत्र बसायला जागा दिली. हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण त्या रजिस्टरमध्ये तपासणी किती झाल्या, कंडोम किती वाटले, एवढंच असतं. ते माणूस कुणावर प्रेम करत होतं, कोणतं भीमगीत गात होतं, याला त्यात रकाना नाही.

तिसरं नाव लाभार्थी. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, २०२० साली प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. आता अर्ज क्रमांक आहे, कार्ड आहे.

गुन्हेगार, रोगी, लाभार्थी. या तीन रकान्यांच्या बाहेरचं आयुष्य सरकारला दिसत नाही, आणि ते दिसावं म्हणून ही रजिस्टरं केलेलीही नव्हती.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा पर्याय होता. देशभरात ४,८७,८०३ माणसं त्यात मोजली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. देशातल्या या माणसांपैकी ७८,८११ अनुसूचित जातींची होती, म्हणजे साधारण सहातली एक. ज्यांनी भीतीने 'पुरुष' किंवा 'स्त्री' असंच सांगितलं ते यात नाहीत. समलिंगी स्त्री-पुरुषांसाठी तर त्या फॉर्मवर काहीच नव्हतं. तरीही 'आपल्या समाजात असलं काही नसतं' असं म्हणणाऱ्यांनी हा ७८,८११ चा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

कागद जपणं हीच आपली चळवळ आहे

कागद नष्ट होतात म्हणजे काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर दिल्लीतल्या अलीपूर रोडवरच्या घरातले त्यांचे कागद उघड्यावर टाकले गेले आणि त्यातले कित्येक पावसात गेले. उरलेली हस्तलिखितं पेट्यांमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. त्यांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने काढला तो १९७९ साली, आणि ते काम नेटाने उभं केलं नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांनी. १९८७ साली चौथ्या खंडात 'रिडल्स' आलं तेव्हा ते मागे घ्या म्हणून आरडाओरड झाली, आणि त्या छापील पानांच्या रक्षणासाठी आपली माणसं रस्त्यावर उतरली. पुढे खंडांचं काम रेंगाळलं तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारवर सोडलेलं अभिलेखागार कसं चालतं, त्याचा हा धडा आहे.

वामनराव गोडबोल्यांनी चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टाइपरायटर जपले. त्यासाठी त्यांनी आधी कुठल्या विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. समाजाने जपायचं ठरवलं, म्हणून त्या वस्तू राहिल्या.

पण याच चळवळीच्या इतिहासात एक मोठी गाळलेली जागाही होती. २० जुलै १९४२ ला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली याच नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. हजारो बाया आल्या. तरी पुढची कित्येक वर्षं चळवळीचा इतिहास म्हणजे पुरुष नेत्यांची चरित्रं असंच चालू राहिलं. शेवटी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी कार्यकर्त्या बायांना शोधून काढलं, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. त्या दोघी निघाल्या नसत्या तर त्यातल्या कित्येक बायांचं बोलणं त्यांच्यासोबत सरणावर गेलं असतं.

आज आम्ही जे मागतो आहोत ते याच कामाचं पुढचं पाऊल आहे. पद्धत तीच, चळवळ तीच. फक्त ज्यांच्या दारात अजून कुणी गेलं नाही त्यांच्या दारात जायचं आहे.

'हा आपला प्रश्न नाही' असं म्हणणाऱ्यांना

आमच्याच साथींकडून येणारे तीन आक्षेप आम्हाला माहीत आहेत.

पहिला आक्षेप असा की बाबासाहेबांच्या विचारात हे कुठे बसतं? तर १९३४ सालाकडे जाऊ. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते उत्तरं देत. त्या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजेच ते अश्लील होत नाही, लोक विचारतात तर त्यांना ज्ञान मिळालं पाहिजे, ही त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. या एका खटल्यावरून बाबासाहेबांना आजच्या क्विअर चळवळीचे पुढारी ठरवू नये. तो आपल्या सोयीचा इतिहास होईल. पण ज्या विषयाला तेव्हाचे प्रतिष्ठित लोक हात लावायला तयार नव्हते त्या विषयासाठी ते कोर्टात उभे राहिले, हा पुरावा आहे आणि तो पुसता येणार नाही.

शिवाय ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, तेव्हा मोठा आधार होता तो संवैधानिक नैतिकतेचा. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी जी कल्पना मांडली तीच ही. हक्क पुराणातून आले नाहीत, ते इथून आले.

दुसरा आक्षेप असा की हा सवर्ण, इंग्रजाळलेल्या लोकांचा प्रश्न आहे. या आक्षेपात खरं दुखणं आहे. 'बॉम्बे दोस्त' १९९० साली मुंबईत निघालं, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत लिहिलं, बंगळुरूत 'कामरा' नावाचं क्विअर अभिलेखागार उभं राहिलं आणि ते आता तिथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. ही सगळी कामं मोलाची आहेत. पण जे कागद जपले गेले ते बहुतेक ज्यांच्याकडे स्वतःची खोली, कपाट आणि इंग्रजी होतं त्यांचे. दहा बाय दहाच्या घरात आठ माणसं राहत असतील तर पत्र लपवायला जागा कुठे? म्हणूनच २०१५ च्या दिल्ली क्विअर प्राइडमध्ये दलित क्विअर साथींनी जातीचा प्रश्न जाहीरपणे मांडला. म्हणूनच तामिळनाडूत ग्रेस बानू दलित ट्रान्स व्यक्तींसाठी समांतर आरक्षणाची लढाई लढते आहे. क्विअर इतिहासात जात दिसत नसेल तर त्यावर उपाय म्हणजे आपण आपला इतिहास लिहिणं. तोंड फिरवल्याने ती जागा रिकामी राहत नाही, दुसरं कुणीतरी येऊन बसतं.

आणि बसलंही आहे. २०१८ साली किन्नर आखाड्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी अयोध्येतल्या राममंदिराला पाठिंबा दिला तेव्हा देशभरातल्या अनेक ट्रान्स आणि क्विअर व्यक्ती-संघटनांनी जाहीर निषेध केला. हिजडा परंपरेत हिंदू-मुस्लिम सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला एका धर्माच्या आखाड्यात कोंबता येतं, कारण तिचा लिहिलेला इतिहास तिच्या स्वतःच्या हातात नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना. 'आधी मोठे प्रश्न सोडवू, हे नंतर पाहू. उगाच समाजाची बदनामी नको.' हेच वाक्य आपल्या आयांनी आणि आज्यांनी ऐकलं आहे. याचं उत्तर आफ्रिकेने दिलं आहे. सायमन न्कोली हा वर्णद्वेषाविरुद्ध लढणारा काळा कार्यकर्ता. राजद्रोहाच्या डेल्मास खटल्यात तो तुरुंगात गेला, आणि तुरुंगातच त्याने आपल्या साथीदारांना आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. आधी खळबळ झाली, मग त्याच साथीदारांचं मत बदललं. १९९० साली जोहान्सबर्गमधल्या पहिल्या प्राइड मोर्चाच्या आयोजकांत तो होता. १९९६ च्या दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी आली. न्कोली १९९८ साली वारला. पण त्याने तुरुंगातून लिहिलेली पत्रं आज जोहान्सबर्गच्या 'गाला' या क्विअर अभिलेखागारात आहेत. ती नसती तर पुढच्या पिढीला कुणीही सांगू शकलं असतं की स्वातंत्र्यलढ्यात 'असलं कुणी' नव्हतंच.

आणि ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली आपली दलित पँथर उभी राहिली, त्या संघटनेच्या ह्युई न्यूटनने १९७० सालीच समलिंगी मुक्तीच्या चळवळीला साथ द्या असं आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं होतं. ते आज वाचता येतं, कारण ते पक्षाच्या वर्तमानपत्रात छापलं गेलं. पँथरचं नाव घेतलं, तर हा धडाही घ्यायला हवा.

विदर्भाचा आणखी एक अनुशेष

सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष आपण मोजतो. आठवणींचाही एक अनुशेष आहे. मराठीतला क्विअर इतिहास म्हटलं की मुंबई-पुणे एवढंच समोर येतं.

नागपुरात काही घडलंच नाही का? सारथी ट्रस्ट दीड दशकाहून अधिक काळ इथे काम करते आहे. २०१६ साली या शहरात पहिला प्राइड मार्च निघाला. २०१८ साली विद्या कांबळे यांची नागपूरच्या लोकअदालतीच्या पॅनलवर नियुक्ती झाली. एक तृतीयपंथी कार्यकर्ती न्यायाच्या खुर्चीत बसली, ती आपल्या शहरात. २०१९ साली दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ता झाली, म्हणजे हा आवाज आपल्याच राजकारणातून आला.

या घटनांची नोंद आज कुठे आहे? वर्तमानपत्राच्या कात्रणात आणि फेसबुकच्या पोस्टमध्ये. त्या पहिल्या मार्चमध्ये कोण मुखवटा घालून चाललं आणि कोण उघड्या चेहऱ्याने? कुणाच्या घरी दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर भांडण झालं? फलक कुणी रंगवले, त्यावर जय भीम होतं का? हे विचारायला अजून माणसं आहेत. आणखी वीस वर्षांनी नसतील.

त्याहून जुन्या काळाचं तर विचारूच नका. विदर्भातल्या खडी गंमतीत बाईचं पात्र पुरुष रंगवत. त्या कलावंतांचं मंचाबाहेरचं आयुष्य कसं होतं, कुणी विचारलं? त्यांतला प्रत्येक जण क्विअर होता असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पण काहींना त्या साडीतच मोकळा श्वास मिळत असेल, तर ते त्यांच्याच तोंडून ऐकायची संधी आपण घालवत आहोत.

कसं करायचं?

यासाठी इमारत लागत नाही, देणगीदार लागत नाही. एक कपाट, एक स्कॅनर, दोन हार्ड डिस्क आणि विश्वास लागतो. यातला विश्वास मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. म्हणून आधी नियम ठरवू.

संमती सगळ्यात आधी. मुलाखत देणाऱ्याने ठरवायचं की ही आत्ता उघडी करायची, दहा वर्षांनी, की आपण गेल्यानंतर. नाव द्यायचं की नाही, तेही त्यानेच ठरवायचं. दिलेलं परत मागितलं तर का असं न विचारता परत द्यायचं. संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत हवं, आणि वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवायचं.

वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहील. फोटो, पत्र, पत्रिका त्याच्या घरी जाऊन स्कॅन करायची आणि तिथल्या तिथे हातात परत द्यायची. आपल्या लोकांकडून मूळ कागद नेणारे आणि परत न देणारे संशोधक आपण बरेच पाहिले.

मेलेल्या माणसाला लेबल लावायचं नाही. चळवळीतला अमुक जुना नेता 'तसा' होता, असल्या कुजबुजीला अभिलेखागारात जागा नाही. ज्याने स्वतः सांगितलं नाही त्याच्या वतीने आपण सांगायचं नाही. दोन माणसं तीस वर्षं एकत्र राहिली, तर 'एकत्र राहिली' एवढंच लिहायचं. तेवढा पुरावाही खूप बोलतो.

भाषा शुद्ध करायची नाही. नागपुरी मराठी, हिंदी, डेऱ्यातली फारसी, जे तोंडातून येईल ते तसंच ठेवायचं. ज्याने स्वतःला 'कोती' म्हटलं त्याला टायपिंग करताना 'समलिंगी' करायचं नाही.

प्रत्येक फोटोसोबत चार गोष्टी लिहायच्या : कोण, कधी, कुठे, आणि हा फोटो कुणी दिला. नाव नसलेला फोटो दुसऱ्या पिढीत मुका होतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो आधी स्कॅन करा, कारण तो गोंदच त्यांना खातो. नागपूरचा मे महिना आणि त्यामागून येणारा जुलै, दोन्ही कागदाचे शत्रू आहेत. डिजिटल प्रत दोन वेगळ्या घरांत ठेवायची, नुसती एका फोनमध्ये नाही.

आणि शेवटचं, किल्ली कुणाच्या हातात? ज्यांचा इतिहास आहे त्यांच्या. आम्ही समाजकार्य शिकलेले, समाजशास्त्राच्या पदव्या घेतलेले लोक मदतनीस म्हणून राहू. समितीत निम्म्याहून जास्त माणसं क्विअर बहुजन समाजातली नसतील, तर तो त्यांच्याविषयीचा आणखी एक सरकारी रजिस्टरच होईल.

मागणं

आमचं मागणं मोठं नाही. नागपुरातल्या वस्त्यांमध्ये आपली वाचनालयं आहेत, विहारं आहेत, अभ्यासिका आहेत. त्यातल्या निदान एका ठिकाणी एक कपाट या कामाला द्या. महिन्यातून एक संध्याकाळ द्या, जिथे साठी ओलांडलेला कुणी तृतीयपंथी गुरू, कुणी मावशी, कुणी काका येऊन बोलेल आणि आपण ऐकू. पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी एक-एक मुलाखत नोंदवून घ्यावी. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतील. त्यातल्या एका टेबलावर या आठवणींची, ज्यांनी परवानगी दिली त्यांची, एक साधी पुस्तिका असावी.

ती पुस्तिका पाहून वस्तीतल्या एखाद्या सतरा वर्षांच्या पोराला किंवा पोरीला कळेल की आपल्यासारखं कुणीतरी या गल्लीत आधीही राहून गेलं आहे, आणि त्या माणसाच्याही भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तेवढ्यानेही एखादा जीव वाचू शकतो.

जय भीम!